वरातीपुढचं घोडं

गंगापूर रोडला लागा नाहीतर पाथर्डी फाट्याकडे वळा, नाशिकमध्ये हल्ली 'रेडी पझेशन' ही पाटी चुकवून कुठे जाता येत नाही. पाटीवर हसरं कुटुंब असतं, मागे निळं आकाश असतं, आणि खाली फोन नंबर. हौसेनं आत शिरलात की एक तरतरीत मुलगा पुढे येतो आणि आधी हातात हेल्मेट देतो. ज्या घरात उद्याच्या उद्या राहायला या म्हणून पाटी सांगते, त्या घरात आज पाऊल टाकायला हेल्मेट लागतं. लिफ्टच्या जागी उभा चौकोनी अंधार असतो आणि त्यावर एक फळी आडवी ठोकलेली असते. जिन्यानं चौथ्या मजल्यावर जावं तर खिडकी आहे पण तावदान नाही, नळ आहे पण पाणी नाही, आणि हॉलच्या मधोमध सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर एक मांजर झोपलेलं. त्या जागेचा ताबा खऱ्या अर्थानं मिळालेलं ते एकटंच. "रेडी आहे सर," मुलगा म्हणतो, "फक्त फिनिशिंग बाकी. दसऱ्याला ताबा." कोणत्या दसऱ्याला, हे विचारायचं नसतं.

हा रेडी शब्द आपण इतका पचवलाय की तो परका आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. शर्ट रेडीमेड. रस्त्यात पोट गरगरा फिरवत चाललेला ट्रक रेडी मिक्सचा. जमिनीच्या किमतीचा सरकारी तक्ता रेडी रेकनर. त्याचं खरं नाव 'वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता' असं भारदस्त आहे, पण ते नाव मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिथल्या टपरीवर चहा पिणारा शेतकरीसुद्धा "औंदा रेडी रेकनर वाढला" असंच म्हणतो. शाळेच्या मैदानावर पोरं रेडी-स्टेडी-गो करतात. आमच्या ओळखीच्या एका घरात नात नटूनथटून आजीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मी रेडी!" निफाडकडची आजी ती. म्हणाली, "रेडी म्हणजे म्हशीची पोर गं. तू चांगली माणसाची आहेस."

आजीला जनावराचा वास बरोबर आला होता, जनावर तेवढं चुकलं. रेडी या शब्दाच्या पोटात घोडा आहे.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'रॅडे' किंवा 'गेरॅडे' असा होता. नीट लावलेला, सिद्ध केलेला, आणि घोड्याबद्दल बोलणं चाललं असेल तर स्वारीला सिद्ध. जर्मनांचा 'बेराइट' हा त्याचा भाऊ. बहुतेक व्युत्पत्तिकार हे सगळं कूळ नेऊन 'राइड'च्या, म्हणजे स्वार होण्याच्या धातूला भिडवतात. काही सावध मंडळी 'नीट लावणं' एवढ्यावरच थांबतात. मी घोड्याच्या बाजूचा. एकदा घोडा दिसला की नुसत्या नीट लावण्यात मन रमत नाही. शिवाय त्या घरातली बाकीची मंडळी बघा. 'रोड' हा शब्द तिथलाच. आधी रोड म्हणजे घोड्यावरून जाणं, मग ज्या वाटेनं गेलं ती वाट. 'रेड' म्हणजे छापा, तोही तिथलाच. स्कॉटलंडच्या सीमेवर रात्री घोड्यावर मांड टाकून शेजाऱ्याची गुरं हाकून आणायची, त्या उद्योगाचं ते नाव. आता प्राप्तिकर खात्याची माणसं मोटारीतून येतात आणि गुरं नेत नाहीत, पण शब्द अजून टाचा मारतच येतो.

तर रेडी म्हणजे स्वारीला तयार घोडा. खोगीर चढलंय, तंग आवळलाय, लगाम तोंडात आहे, रिकीब हाताला लागते आहे. ही तयारी आंधळ्यालाही चाचपून कळावी अशी. "झालंच, फक्त फिनिशिंग बाकी" असं घोड्याबद्दल म्हणता येत नाही, कारण तंग ढिला राहिला तर स्वार खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली जातो, आणि ते फिनिशिंग वेगळं.

बरं, मग आपला 'तयार' तरी कुठला? तोही बाहेरचाच, फक्त आधी आलेला. अरबीत 'तय्यार' म्हणजे उडणारा. फारसीचे जुने जाणकार सांगतात की हा शिकारखान्यातला शब्द. ससाणा किंवा बाज पिसं झाडून बसतो, काही दिवस त्याला नुसतं जपायचं असतं. नवी पिसं आली, अंगात जोर आला, उडवायला हरकत नाही असं झालं की मीर शिकार म्हणे, पाखरू तय्यार आहे. तिथून तो शब्द जेवणाला, लग्नाला, खटल्याला आणि पैलवानाला लागला. अरबांनी मात्र उडणं सोडलं नाही. विमानाला ते आजही 'तय्यारा' म्हणतात. म्हणजे आपल्या ओझरच्या विमान कारखान्यात १९६४ पासून जे काय चाललंय ते शब्दशः तयारीचंच काम आहे. तिथे आधी मिग-२१ झाली, मग मिग-२७, मग सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बनलेलं पहिलं तेजस आकाशात गेलं. ओझरची माणसं अजून गावाला 'ओझर मिग' म्हणतात. ज्या विमानाच्या नावानं गाव ओळखलं जातं ते मिग-२१ त्याच वर्षी सप्टेंबरात वायुसेनेतून निवृत्त झालं. गावाला कुणी निवृत्तीची नोटीस दिलेली नाही.

आणि 'सज्ज'? तो तर अस्सल आपल्याकडचा. संस्कृत कोशकार त्याचं नातं 'सज्य'शी लावतात. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. स-ज्य म्हणजे दोरी चढवलेलं. पंचवटीत राहणाऱ्याला हे सांगायला नको. जनकाच्या घरी अख्ख्या आर्यावर्तातले राजे जमले होते ते धनुष्य सज्ज करायलाच, दुसरं काही काम नव्हतं. कुणाला जमलं नाही. रामाला जमलं, आणि जमता जमता धनुष्यच मोडलं. तयारीच्या इतिहासातलं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण, जिथे तयारी इतकी पक्की झाली की साधनच संपलं आणि तरी लग्न लागलं.

घोडा, पाखरू, धनुष्य. तिन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, आणि तिन्हींत एक बारीक मेख आहे. कुठलीही त्या अवस्थेत फार वेळ ठेवता येत नाही. धनुष्य सज्ज करून खुंटीला टांगलं की लाकूड वाकलेलंच राहायला शिकतं आणि बाणातला जोर जातो, म्हणून जाणता धनुर्धर काम झालं की दोरी उतरवून ठेवतो. शिकारी पाखराला उडवण्याआधी माफक भुकेलं ठेवायचं असतं. पोटभर जेवलेला बाज झाडावर जाऊन बसतो आणि मालकाकडे बघतसुद्धा नाही, उपाशी राहिलेला खंगतो. मधला जो दिवस, तो त्याचा तयार दिवस. खोगीर चढवून रात्रभर उभा ठेवलेला घोडा सकाळी कुठे नेण्याच्या लायकीचा उरत नाही. गवय्यांची तयारी तर एका रियाजावरून दुसऱ्यापर्यंतच टिकते. चार दिवस तानपुरा गवसणीत राहिला की पहिल्यांदा गळ्याला कळतं, दुसऱ्यांदा साथीदाराला आणि मग तिकीट काढून आलेल्या सगळ्यांना. तयारी ही नासणारी वस्तू आहे, एवढंच मला आज सांगायचंय, आणि हे नाशिकच्या माणसाला सांगायला मी निघालोय, म्हणजे जरा धाडसच.

कारण नाशिकचं अर्धं अर्थकारण 'माल तयार झाला' या तीन शब्दांवर उभं आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत. द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमधली खरड छाटणी, तिनं पुढच्या वर्षाची काडी तयार होते. आणि पावसाळा ओसरताना, ऑक्टोबरच्या आगेमागे, गोडी छाटणी. नाव किती छान ठेवलंय. गोडी अजून चार महिने लांब असते, वेल पार भुंडी दिसत असते, पण कात्री चालवणाऱ्यानं आधीच नाव गोडी ठेवलेलं. तिथून जी धावपळ सुरू होते तिला घड्याळ नसतं. फुटवे काढायचे, घडांची विरळणी करायची, जीए या संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुचकळायचा, डाऊनी ही बुरशी आली की मध्यरात्री फवारणीचा ट्रॅक्टर काढायचा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एखाद्या पहाटे घसरला की बागेत शेकोट्या पेटवून धूर धरायचा. शहरात आम्ही तेव्हा रजईतून हात बाहेर काढून मोबाइलवर 'निफाड गारठलं' ही बातमी वाचत असतो आणि हुडहुडीचा आनंद घेत असतो.

मग फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी व्यापाऱ्याचा माणूस येतो. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनासारखं दिसणारं एक जाडसर नळकांडं असतं, रिफ्रॅक्टोमीटर. तो घडाच्या अगदी शेंड्याचा मणी तोडतो, कारण गोडी वरून खाली उतरते आणि शेंडा सगळ्यात शेवटी कबूल होतो. मणी चिमटीत दाबून रसाचा थेंब काचेवर सोडतो, झाकण पाडतो, नळकांडं डोळ्याला लावून सूर्याकडे वळतो. तेवढा वेळ बागेत कुणी बोलत नाही. बागवाला त्याच्या तोंडाकडे बघत असतो आणि बागवाल्याची बायको बागवाल्याच्या. "सतरा," तो म्हणतो. "अजून दोन दिवस खाऊ द्या." म्हणजे वेलीला ऊन खाऊ द्या. या दोन दिवसांत काय काय होऊ शकतं याची यादी बागवाल्याला तोंडपाठ असते, आणि तिच्यात पहिलं नाव अवकाळीचं.

आंबा अढीत घालता येतो, केळी पिकवता येतात, चिक्कू तांदळाच्या डब्यात ठेवून विसरता येतो. द्राक्षाचं तसं नाही. ते वेलीवरून उतरलं की तिथल्या तिथे थांबतं. जेवढी गोडी आणली तेवढीच, पुढे एक दाणा वाढत नाही. म्हणून आधी तोडता येत नाही. आणि तयार झाल्यावर ठेवता येत नाही, कारण एक सर पडली तरी भरलेले मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट या भागात अजून तारखेवार सांगितली जाते, घरातल्या मयताच्या सांगाव्या तशी. अलीकडे चुकायचं नाही आणि पलीकडे थांबायचं नाही, असा चार-सहा दिवसांचा उंबरठा असतो, आणि त्या उंबरठ्यावर नेमका व्यापाऱ्याचा फोन लागेनासा होतो. कधी फोन लागतो, माल जातो, आणि पैसे लागेनासे होतात. हे नाशिकला नवीन नाही.

लासलगावच्या बाजूला कांदा. त्याचं सगळं उलट. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत जाऊन बसतो. हवा खेळती राहावी म्हणून फटी ठेवून बांधलेली ती लांबोडकी चाळ, आत कांदा, आणि बाहेर भाव कधी चढतो याची वाट पाहणारा मालक. कांद्याला घाई नाही, असं वाटतं. पण तोही आतून घटत असतो. वजन उतरतं, काही सडतो, काहींना कोंब येतात. ऑक्टोबरपर्यंत थांबणाऱ्याला भाव मिळतो किंवा कोंब मिळतात. मला विचाराल तर द्राक्षवाला बरा. त्याचं मन चार दिवसांत मोकळं होतं. कांदेवाल्याचं सहा महिने चाळीत अडकून पडतं.

मराठी माणसाला तयारीची जाण नाही, वेळेचं भान नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी आपलीच भाषा जरा कान देऊन ऐकावी. तिच्या तबेल्यात घोडीच घोडी आहेत. आधी काही केलं नाही आणि मागून धावाधाव केली, तर वरातीमागून घोडं. काम कुठे तटलं असेल तर घोडं तिथंच पेंड खातं. बढाई मारणाऱ्याला सांगायचं, घोडामैदान जवळच आहे. फार घाई करणाऱ्याला विचारायचं, घोड्यावर बसून आलायस का? इंग्रजांच्या रेडीमधून घोडा कधीच पसार झाला, त्यांना त्याचा पत्ताही नाही. आपण एवढे जपून ठेवलेत आणि त्यांच्याकडून उसना शब्द घेऊन पाटीवर लावतो, ते जाऊ द्या. गंमत अशी की आपली भाषा उशिरा तयार होणाऱ्याला हसते, त्याहून जास्त लवकर तयार होणाऱ्याला हसते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कपाळापर्यंत हात जाईतो दम नाही म्हणून जो गुडघ्यालाच बांधून बसतो त्याची एवढी टिंगल आणखी कुठे होत असेल असं वाटत नाही. एका टोकाला हे बाशिंग आणि दुसऱ्या टोकाला ते वरातीमागचं घोडं. त्यांच्या मध्ये कुठेतरी मुहूर्त असतो, आणि भटजी तोही दहा मिनिटं पुढेमागे करतात.

या सगळ्यावर कडी म्हणजे गंगेत घोडं न्हालं. रखडलेलं काम एकदाचं पार पडलं की आपण सुटकेचा श्वास टाकून हे म्हणतो. बाकी महाराष्ट्राला ती गंगा दूर काशीची वाटत असेल. नाशिककराला वाटत नाही. आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे रामकुंडावर, आणि भाजी गंगेवरून आणतात ती गोदाकाठच्या बाजारातून. पूर किती आला हे आम्ही फुटात सांगत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागला की गळ्याला, असं सांगतो. तेव्हा घोडं न्हाऊ घालायची जबाबदारी आमच्यावर आहे, आणि दर बारा वर्षांनी ती येऊन पडते.

सिंहस्थ कुंभमेळ्याइतकी आधी कळणारी गोष्ट जगात दुसरी नसेल. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा तो होतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांना जरा कमी लागतात, आणि या बाबतीत गुरू कुणाचं ऐकत नाही. त्याला निविदा काढावी लागत नाही, आचारसंहिता आडवी येत नाही. २००३ ला आला, २०१५ ला आला. येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं ठरलं आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चं. ही वेळ साधारण केव्हा येणार हे पंचांगवाल्यांनी आपल्या पणजोबांनाही सांगितलं असतं. तरीही शहर दर वेळी असं दचकतं की जणू काल रात्री बारा वाजता फोन आला, "आम्ही लाखो माणसं येतोय, चहा ठेवा." मग सगळीकडून एकदम रस्ते उकरले जातात. पूल निघतो, वळणरस्ता निघतो, तपोवनात साधुग्रामसाठी किती झाडं जाणार यावरून लोक रस्त्यावर येतात, आणि रिक्षावाला एका खड्ड्यापाशी ब्रेक मारून मागे वळून म्हणतो, "कुंभाची तयारी आहे साहेब."

मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, शहरालाही शेतकऱ्याचंच शहाणपण असेल कदाचित. २०१५ चे घाट, रस्ते, दिवे, सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात लखलखीत होतं. पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी, रामकुंड कोरडं पडलं. पाणीच नव्हतं. दिवे होते, कठडे होते, पायऱ्या होत्या, दिशादर्शक बाण होते. बरीच वर्षं आधी सगळं बांधून ठेवलं असतं तर स्नानाच्या दिवशी त्यातलं काय जागेवर सापडलं असतं, कुणी सांगावं. हे मी खड्ड्यांचं समर्थन म्हणून लिहीत नाही. खड्डा हा खड्डाच.

माणसांतही द्राक्षवाले आणि कांदेवाले असतात. माझा एक मित्र पहिल्या जातीचा. फोन केला की "निघालोच" म्हणतो आणि मागे फोडणीचा आवाज येत असतो. पण शेवटच्या पाच मिनिटांत तो असा काही आवरतो की आपण बघत राहावं. कुठली वस्तू विसरत नाही, गाडी चुकवत नाही. दुसऱ्या जातीचे आमचे देवळालीचे अण्णा. मुंबईला जायचं असलं की पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडला सकाळी सातच्या सुमारास येते आणि अण्णा पाचला फलाटावर. घरातून निघण्याआधी दूध बंद, गॅस बंद, नळ बंद, आणि एकदा तर घरात झोपलेल्या पाहुण्यासकट दाराला बाहेरून कुलूप. गाडी येईतो ते सगळी वर्तमानपत्रं वाचून, दोन चहा पिऊन, हमालाच्या मुलाची दहावीची टक्केवारी विचारून इतके दमलेले असतात की इगतपुरीच्या आत डोळा लागतो आणि घाट, ज्याच्यासाठी खिडकी धरलेली असते, तो झोपेत निघून जातो.

अण्णा देवळालीत राहतात यात मला नियतीचा हात दिसतो. कारण फार आधीपासून तयार होऊन बसल्यानं माणसाचं काय होतं, याचा शोध देवळालीतच लागला. इंग्रजांनी १८६१ मध्ये तिथे छावणी वसवली. पुढे हिंदुस्थानात ज्याची नोकरीची मुदत संपली, अशा गोऱ्या शिपायाला ठिकठिकाणच्या पलटणींतून देवळालीला आणून ठेवू लागले. तिथून मुंबई, मुंबईहून बोटीनं घर. पण सैनिकांच्या बोटी बारमाही नव्हत्या. साधारण थंडीच्या महिन्यांत त्या सुटत, आणि हंगामातली शेवटची चुकली की पुढच्या हंगामापर्यंत बसा. पेटी बांधलेली, हिशेब चुकते, कवायत नाही, पहारा नाही, करायला काहीच नाही. समोर चैत्र-वैशाखाचं ऊन, रात्री मच्छरदाणी आणि दारू. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी काढली तो दिवस आलेला, आणि बोट नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायानं १९३६ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात या मुक्कामाचं वर्णन केलंय. काही जण तिथे भलतंच वागायला लागत. काही तुरुंगात जात, काहींचं डोकं फिरे.

या दुखण्याला शिपायांनी नाव दिलं, 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे आपली देवळाली, गोऱ्या जिभेवरून घसरलेली. आणि टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. देवळालीचा ताप. डोक्याला ताप हा शब्दप्रयोग ज्या भाषेत घरोघर चालतो तिच्या शेजारी राहून त्यांनी तेवढं अचूक उचललं. पुढे ताप गळून पडला आणि नुसतं 'डुलाली' उरलं. कुणाचं डोकं ठिकाणावर नसलं की आजही इंग्लंडात हा शब्द सर्रास वापरतात, बहुतेकांना तो देवळालीच्या लॅम रोडच्या आसपासचा आहे हे ठाऊक नसताना. देवळाली कॅम्पातल्या सॅनेटोरियममध्ये मुंबईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हवा खायला, डोकं शांत करायला येत आली, आणि तिकडे इंग्रजीत त्याच गावाचं नाव डोकं फिरण्याला. व्यापार मात्र चोख झाला. त्यांनी आपल्याला रेडी दिला, आपण त्यांना रेडी राहिल्याचा परिणाम दिला.

गेल्या वर्षी अण्णांची लेक इंग्लंडला स्थायिक झाली आणि तिनं आईवडिलांना बोलावलं. व्हिसाचे कागद गेले त्या संध्याकाळीच अण्णांनी बॅगा भरल्या. लोणच्याची बरणी प्लास्टिकच्या चार पिशव्यांत, भाजणीचे डबे चिकटपट्टीनं बांधलेले, वजनकाट्यावर बॅग सोळा वेळा चढवून उतरवलेली. मग रोजचे कपडेही त्याच बॅगेत गेल्याचं लक्षात आलं, तेव्हा रोज सकाळी बॅग उघडून बनियन काढायचं आणि धुतलेलं वाळवून रात्री परत भरायचं असं सुरू झालं. व्हिसा येईना. भाजणी जुनी झाली म्हणून काकूंनी गुपचूप थालीपीठं लावली आणि नवी भाजून भरली. लेकीचा फोन आला की अण्णांचं एकच, "आम्ही रेडी आहोत." शेवटी एका सकाळी, तिकडे ऑफिसला निघायच्या गडबडीत, ती वैतागून बोलून गेली, "बाबा, प्लीज, अशानं तुम्ही डुलाली व्हाल."

फोनवर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग अण्णांनी काकूंना खूण करून खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "हा शब्द कुठला, ठाऊक आहे का तुला?" १८६१ पासून सुरुवात केली. बोटींचे हंगाम सांगितले, रिचर्ड्स सांगितला, ताप सांगितला. तिची आठ-चौदाची गाडी गेली, आणि ते अजून रेडीच्या घोड्यापर्यंत पोचायचे होते.